मुळी पाहिलेली नाही

अळंबी ओळखायची एक किल्ली असते. ती कागदाची असते. तिच्यात दर पायरीला दोन वाक्यं लिहिलेली असतात. हातातली अळंबी ज्या वाक्याला जुळते ते धरायचं, दुसरं सोडून द्यायचं आणि पुढची पायरी गाठायची. असं करत गेलं की शेवटच्या पायरीवर नाव सापडतं. शहाण्या माणसाला अर्ध्या तासात सापडतं. सौंदर्या पट्टणशेट्टीला एका अळंबीचं नाव सापडायला चार पावसाळे लागले, आणि ती काही कमी शहाणी नव्हती. तेव्हा तिची गोष्टही तशीच पायऱ्यांनी सांगितलेली बरी.

१
अ. अळंबी लाकडावर उगवली आहे: तिची गोष्ट वेगळी. ती इथं नाही.
आ. अळंबी जमिनीतून वर आली आहे: खाली उतरा.

१९९७ सालचा जुलै. मलकापूरच्या बाजारात रत्नागिरी रस्त्याच्या कडेला विठाबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. वय साठीच्या अलीकडं. डोक्यावरचा पदर भिजून कपाळाला चिकटलेला. टोपलीत सागाची पानं आणि पानांवर दहा-बारा अळंब्या, छोट्या ताटलीएवढ्या. वरून राखाडी, मधोमध एक टोक, कडेला बारीक चिरा. सगळ्या टोक वर करून मांडलेल्या. एकीच्याही पोटाला माती नाही.

समोर उभी होती सौंदर्या. गडहिंग्लजची. वडील बाळाप्पा किराणा दुकानदार, आई शिवम्मा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कोल्हापूरच्या विद्यापीठात वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. चाललेली. विषय ठरला होता: शाहूवाडी तालुक्यातल्या वारुळांवरच्या अळंब्या. पाठीला पिशवी, पिशवीत टाचणवही, फॉर्मॅलिनच्या बाटल्या, फूटपट्टी. पायात प्लास्टिकची सँडल.

"मावशी, हिचं नाव काय?"

"अळंबी."

"ते खरं, पण कुठली अळंबी?"

"वारुळावरची."

"वारुळावर चार प्रकारच्या येतात ना?"

विठाबाईंनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "सात येत्यात. तुझ्या पुस्तकात चार असत्याल."

शेजारी भाजी घेऊन बसलेली शालूबाई फिस्सकन हसली. "घ्या की बाई, नुसतं इचारून पोट भरतंय व्हय?"

सौंदर्यानं दोन अळंब्या घेतल्या आणि तिथंच उकिडवी बसून टाचणवहीत नोंद केली. नमुना क्रमांक ४३. स्थानिक नाव काय म्हणून तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा विठाबाई म्हणाल्या, "आम्ही हिला थोरली म्हंतो. त्या बारक्या एकदम शेकड्यानं फुटत्यात त्या लाह्या. ही थोरली."

'थोरली' असं लिहून सौंदर्यानं अळंबी उलटी केली, आणि बघते तर बुंधा जमिनीलगत खुडलेला. दोन बोटांच्या नखानं, एका झटक्यात, जसं काही पात्यानं कापलंय.

२
अ. छत्रीखालचे पडदे शेवटपर्यंत पांढरे, बुंधा तळाशी फुगीर आणि पांढऱ्या पेल्यात बसलेला: हात धुवा. पुढं जाऊ नका.
आ. पडदे पांढऱ्याचे हळूहळू गुलाबीसर होणारे. बुंधा जमिनीत निमुळता होत गेलेला: पुढं चला.

पुढं चला म्हणजे विठाबाईंच्या मागं चला. चार दिवसांनी सौंदर्या त्यांच्या वाडीवर जाऊन थडकली. विठाबाई नको म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. इरलं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागल्या.

अळंबी शोधणाऱ्या माणसाची नजर जमिनीवर असते असं सौंदर्याला वाटत होतं. विठाबाई जमिनीकडं बघतच नव्हत्या. त्या झाडांकडं बघत होत्या, वाऱ्याचा वास घेत होत्या, मधेच थांबून एखाद्या उंचवट्यावर तळवा टेकवून बघत होत्या. जसा कुणी तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा. एका वारुळावर हात ठेवून म्हणाल्या, "परवा." दुसऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "हिचं यंदा न्हाय." तिसऱ्यावर हातच ठेवला नाही. नुसत्या बाजूला झाल्या आणि सौंदर्याला पुढं केलं. तिथं सात थोरल्या उभ्या होत्या.

(परवा ती परत आली. पहिल्या वारुळावर सकाळी अळंबी होती.)

"मावशी, कसं कळतं?"

"तुला तुझ्या आईचा राग दारातनं कळतो का न्हाय? तसं."

वाटेत एक पांढरीशुभ्र, देखणी अळंबी दिसली. सौंदर्या वाकली. विठाबाईंनी तिचं मनगट धरलं. काठीनं पाला सारला, बुंध्याचा तळ उघडा केला. तळाशी अंड्याच्या फुटक्या टरफलासारखा पेला होता. "ही मढं पाडती. वरनं बघून नवरी वाटती. पाय बघितल्याबिगर हात लावायचा न्हाय."

"लोक म्हणतात, शिजवताना चांदीचा रुपया टाकायचा, काळा पडला तर विषारी."

विठाबाई इतक्या हसल्या की इरलं घसरलं. "आमच्या सासऱ्याकडं चांदीचा रुपया असता तर त्यो अळंबी खात बसला असता व्हय गं?"

त्या दिवशी सौंदर्यानं किल्लीतलं सगळं पडताळून बघितलं. पांढऱ्या कागदावर छत्री पालथी घालून बीजाणूंचा ठसा घेतला, गुलाबीसर आला. फक्त खालचा भाग राहिला. तिनं पिशवीतून खुरपं काढलं आणि विठाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"वारूळ उकरायचं न्हाय."

"फक्त एक, मावशी. मुळी बघायची आहे."

"तिथं राखणदार हाय, नाग. आन् राखणदार नसला तरी उकरायचं न्हाय. वाळवी पेरती, आपण खुडायचं. तिचं घर मोडलं तर पुढल्या साली कोण पेरणार? तू?"

वाळवी आपल्या घरात बुरशीची शेती करते, तिच्यावर जगते, आणि पावसाळ्यात त्याच बुरशीची अळंबी वर येते, हे सौंदर्यानं विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी मासिकात वाचलं होतं, फार तर सहा महिन्यांपूर्वी.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सांगतंय कोण? बघितलंय की. परकरात हुतो तवा. वड्याची दरड खचली, वारूळ निम्मं कापून पडलं. आत मधाच्या पोळ्यागत घरं आणि घरात पांढरे दाणे, खसखशीगत. त्यातनंच मुळी निघाल्याली, थोरलीची. वरती मातकट आन् खाली कोळशागत काळी. मोडली तर आतनं दूध."

सौंदर्यानं सगळं लिहून घेतलं. ती चांगली विद्यार्थिनी होती, म्हणून तिनं कंसही घातला:

मुळी: खालचा भाग काळा, कोळशासारखा. (विठाबाई म्हणतात. पाहिलेली नाही.)

त्याखाली आणखी एक रकाना होता. चव. विठाबाई म्हणाल्या, "देशी कोंबडीच्या काळजागत. श्रावणात कोंबडं चालत न्हाय, हे चालतंय. आमची सगळी वाडी वाट बघत असती." सौंदर्यानं तेही लिहिलं आणि पुन्हा कंस घातला. (चाखलेली नाही.) ती चाखणारही नव्हती. पहिल्याच वर्षी ती वाळवलेले नमुने घेऊन घरी गेली, तेव्हा शिवम्मानं पिशवी परसातच अडवली होती. अळंबीला ती कानडीतलं 'अणबी' म्हणायची. "लिंगपूजेच्या घरात अणबी? आणि तीही कुजलेली? सौंदू, हे शिक्षण हाय का उकिरडा?"

विठाबाईंना हे कळल्यावर त्यांनी हनुवटीला हात लावला. "खाल्ली न्हाईस, पाय बघितला न्हाईस आन् वळख सांगाय निघालीस. शाबास हाय तुझी."

३
अ. बुंध्याखाली मुळी नाही.
आ. बुंध्याखाली मुळी आहे.
इ. मुळी आहे, पण तुटली.

छापील किल्लीत 'इ' नसतं. मुळी तुटली तर काय करायचं ते पुस्तक लिहिणाऱ्यानं लिहून ठेवलेलं नसतं. सौंदर्याची गाडी मात्र 'इ'वरच अडकली.

जोतीराम सर तिचे मार्गदर्शक. स्वभावानं सरळ, बोलायला रोखठोक. टाचणवही शेवटच्या पानापासून वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी ४३ क्रमांकाचं पान काढलं आणि पेन्सिलीनं त्या पहिल्या कंसाभोवती गोल काढला. शेजारी लिहिलं: ऐकीव. पुरावा?

"सर, त्यांनी स्वतः पाहिलंय."

"कधी?"

"लहानपणी."

"पट्टणशेट्टी, या अळंबीच्या दोन जवळच्या बहिणी आहेत. वरनं बघितल्या तर आई फसेल. एकीची मुळी काळी, दुसरीची पांढरी. एवढाच फरक. तो फरक तू मला लहानपणीच्या आठवणीवर ठरवून देणार?"

"नाही, सर."

"तुझा विषय काय? वारुळांवरच्या अळंब्या. बाजारात सगळ्यांत जास्त विकली जाते ती कुठली? हीच. आणि तीच तुला ओळखता येत नाही. बाकीच्यांचं मी काय करू?" सरांनी वही मिटली. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तीन मुळ्या आण. अखंड. एक संग्रहाला, एक सूक्ष्मदर्शकाला, एक माझ्या समाधानाला. नाहीतर प्रबंधात 'जाती अनिश्चित' लिहावं लागेल. आणि तपासणारे पुण्याचे आहेत. त्यांचा हात तिथंच थांबेल."

१९९८ च्या पावसाळ्यात सौंदर्या पाच वेळा वाडीवर गेली. चार वेळा विठाबाईंबरोबर. पाचव्यांदा एकटी. विठाबाई त्या दिवशी लेकीकडं बिद्रीला गेल्या होत्या, हे तिला शालूबाईकडून कळलं होतं. पिशवीत आखूड दांड्याची कुदळ होती.

ते सात थोरल्यांचं वारूळ तिनं कमरेएवढं खणलं. लाल माती पावसानं गच्च झालेली. मुळी सुतळीएवढी जाड, वीतभर खाली गेली की दोऱ्याएवढी. पहिली वीतभरावर तुटली. दुसरी त्याच्याही अलीकडं. तिसरीला तिनं हातानं माती उकरली, नखं भरली, आणि तिसरी कुदळीच्याच घावानं गेली. हाती आले तीन तुकडे, तिन्ही मातकट. तो रंग मुळीचा की मातीचा, कोण सांगणार? खड्ड्याच्या तळाशी मात्र तिला ते दिसलं. पोळ्यासारखी घरं, त्यात खसखशीएवढे पांढरे दाणे, आणि उजेड पडल्यामुळं सैरावैरा पळणारी वाळवी. ते सगळं चिखलात कालवलं गेलं होतं.

तिनं माती परत लोटली. ती कशी लोटली हे तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

सरांनी तुकडे बघितले. "मातीचा रंगसुद्धा असू शकेल," म्हणाले.

४
(ही पायरी विठाबाईंची आहे. त्यांच्याकडं कागद नव्हता.)
अ. खणणारा गडीमाणूस.
आ. खणणारं बाईमाणूस.

१९९९. पाऊस चांगला लागला. विठाबाई तिला पुन्हा सगळ्या वारुळांवरून फिरवून आणत होत्या. तळवा टेकत होत्या, "उद्या", "झालं", "आठवड्यानं" म्हणत होत्या. त्या वारुळापाशी आल्यावर मात्र खाली बसल्या. वारूळ कसलं, पसरट ढीग. त्यावर गवत आलेलं. अळंबी एक नाही.

"गेल्या साली हितं कुणीतरी कुदळ घातलती," विठाबाई म्हणाल्या.

सौंदर्यानं पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"बाईमाणूस हुतं. गड्यानं घातली असती तर माती एका अंगाला उपसली असती. ही चहूकडं उडाल्याली. सवय नसल्याली." त्यांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "सँडल हुती. टाचंला चौकोनी नक्षी. उजवी टाच भाईरच्या अंगानं झिजल्याली. आन् शहरातनं आल्याली. पाय चिखलात रुतत हुता तरी सँडल काढली न्हाई."

सौंदर्यानं खाली बघितलं. सँडल तीच होती. वर्षभरात टाच आणखी झिजली होती. बाहेरच्या अंगानं.

"घाव घातल्यावर ती हितं बसली हुती," विठाबाई पुढं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. "गुडघ्यावर. बराच वेळ. आन् मग हातानं माती लोटली. कुदळीनं न्हाई, हातानं. बोटं उमटली हुती."

पाऊस इरल्यावर तडतडत होता.

"मीच ती, मावशी."

"ते मला ठावं हाय की."

"मग गेल्या वर्षीच का नाही बोलला?"

"तू सांगतीस का न्हाय ते बघत हुतो." विठाबाई उठल्या. गुडघे कुरकुरले. "चोरून खणलं, म्हणून काय गावलं?"

"तुकडे."

"मग?"

"मग काही नाही. एवढ्याचसाठी माझं सगळं अडलंय. पुढच्या डिसेंबरात मुदत संपते. मुळी नाही मिळाली तर नाव नाही, आणि हिचं नाव नाही तर बाकीच्याला काही अर्थ नाही."

विठाबाईंनी वारुळाच्या त्या ढिगावरचं गवत दोन मुठी उपटून बाजूला टाकलं, जणू कुणाच्या केसातला कचरा काढावा. "मी सांगितलंतं तुला काळी म्हणून. तुझ्या सायबाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं."

"आन्?"

"त्यांना पुरावा हवा."

"मी म्हंजे पुरावा न्हाय?"

सौंदर्या परत जाताना गाडीत बसून विचार करत राहिली. पावलाच्या एका ठशावरून बाई सांगते की माणूस कुठला, घाव कसा घातला, आणि मागनं पस्तावला. मी तीन मोसम भिंग घेऊन फिरतेय, आणि तिनं पाहिलेलं मी कंसात घालून ठेवलंय.

५
या पायरीला एकच वाट होती.

२००० सालचा ऑगस्ट. विभागातला फोन वाजला. शिपाई गुंडूमामांनी उचलला आणि कानापासून हातभर लांब धरला. "पट्टणशेट्टीबाई, तुमाला. कोण तरी वरडतंय."

"हॅलो?"

"कोण बोलतंय?"

"मी सौंदर्या."

"तू सौंदर्या न्हाईस. तिचा आवाज बारीक हाय."

"मावशी? मीच बोलतेय, मावशी! कुठनं बोलताय?"

"मलकापुरातनं. ह्या काचंच्या खोलीतनं. ऐक. तुझी मुळी उघडी पडलीया. वड्याची दरड खचली, पयल्यासारखी. निम्मं वारूळ खाली गेलंय, निम्मं उभं हाय. आन् तीन थोरल्या लोंबत्यात, मुळीसकट. आज ये. उद्या ऱ्हायच्या न्हाईत."

"मावशी, पाऊस केवढा आहे, तोवर वाहून..."

"त्यांच्यावर माझं इरलं घातलंय. मी खताची पिशवी पांघरून उभा हाय. ये म्हंतो न्हवं!"

आणि फोन ठेवायचा असतो हे ठाऊक नसल्यामुळं पुढं बराच वेळ नुसता मलकापूरचा पाऊस ऐकू येत राहिला.

रत्नागिरी गाडी साडेअकराची. दीड वाजता मलकापूर, तिथून पुढं गुडघाभर पाण्यातून वाडी, वाडीखाली ओढा. सौंदर्यानं सँडल हातात घेतली होती.

दरड ताजी कापल्यासारखी उभी होती, कलिंगडाची फोड असावी तशी. तिच्या माथ्याला, दगडं लावून बसवलेलं, विठाबाईंचं इरलं. त्याच्या छपराखाली वारुळाचा उभा छेद होता. वर तीन छत्र्या, खाली मातीत उतरत गेलेल्या तीन रेघा, आणि सगळ्यात तळाशी, हातभराहून खाली, पोळ्याची घरं. घरांत पांढरे दाणे. वाळवी घाईघाईनं उघड्या पडलेल्या भिंती लिंपत होती.

रेघा वरती मातकट होत्या. वीतभर खाली गेल्यावर काळ्या होत गेल्या. तळाशी कोळशासारख्या.

सौंदर्या तिथंच ओल्या दगडावर बसली.

"काळी हाय का?" विठाबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यांना ऐकायचं होतं.

"काळी आहे, मावशी."

"मग!"

सौंदर्यानं चिमटा काढला. विठाबाईंनी मान हलवली आणि कंबरेच्या पिशवीतून बाभळीचा काटा काढला. लांब, जुना, वापरून गुळगुळीत झालेला. त्या दरडीला छाती लावून उभ्या राहिल्या आणि मुळीच्या शेजारची माती काट्याच्या टोकानं कणाकणानं सोडवायला लागल्या. वरून नाही, खालून, पोळ्याच्या अंगानं. दोन कण सुटले की तांब्यातल्या पाण्याचा थेंब. पुन्हा दोन कण. साठीतल्या बाईचा, सकाळपासून भर पावसात भिजलेल्या बाईचा हात. सौंदर्यानं विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाखाली चकत्या कापणारे हात बघितले होते. स्वतःचेही बघितले होते. असा हात तिनं बघितला नव्हता. मुळीला आपण सुटतोय हे कळतच नसावं, अशी ती सुटत होती.

तासभर गेला. एकदाच विठाबाई पुटपुटल्या, "ये बये, ये," पण ते सौंदर्याला नव्हतं.

शेवटी अळंबी सबंध हाताच्या पन्हाळीत उतरली. छत्री, बुंधा, मुळी आणि मुळीच्या टोकाला चिकटलेला पोळ्याचा करंगळीएवढा तुकडा. सौंदर्यानं फूटपट्टी लावली. एकसष्ट सेंटिमीटर. तुटलेलं काही नाही.

तिची नजर उरलेल्या दोघींकडं गेली. सरांनी तीन सांगितल्या होत्या.

"एकच," विठाबाई म्हणाल्या.

सौंदर्यानं मान डोलावली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की आपल्याला वाद घालावासा वाटला नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि दोघी दगडं वाहायला लागल्या. ओढ्यातले सपाट दगड एकावर एक रचून त्यांनी वारुळाची उघडी बाजू झाकली. फटीत चिखल भरला, हातानं लिंपला. या वेळी ते काम सौंदर्यानं नीट केलं. वर इरलं तसंच राहू दिलं.

"मावशी, ती पहिली दरड. परकरात होता तेव्हाची. कुठल्या सालची?"

विठाबाईंनी चिखलाचे हात ओढ्यात धुतले. "साल काय सांगू? गांधीबाबाला मारलं न्हवं, त्याच्यानंतरचा दुसरा पावसाळा."

सौंदर्यानं बोटांवर मोजलं. अट्ठेचाळीसचा पहिला, एकोणपन्नासचा दुसरा.

६
अ. मुळी पांढरी.
आ. मुळी काळी.

जोतीराम सरांनी नमुना पांढऱ्या ट्रेमध्ये आडवा ठेवून तीन वेळा बघितला. एकदा डोळ्यांनी, एकदा भिंगानं, एकदा नुसतं मागं सरकून. मुळीचा एक बारीक काप घेतला. आतून दुधासारखा पांढरा निघाला. त्यांनी किल्लीचं पुस्तक उघडलं नाही. त्यांना ते पान पाठ होतं. त्यांनी लॅटिन नाव उच्चारलं, आणि सौंदर्यानं ते लेबलावर लिहिलं.

"एकच आणलीस," सर म्हणाले.

"एकच मिळत होती, सर."

"लोंबत तीन होत्या म्हणालीस."

"हो."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी टाचणवही मागून उघडली आणि ४३ वर आले. सौंदर्यानं तिथं काहीतरी करून ठेवलं होतं. पहिला कंस खोडला होता. खाली लिहिलं होतं:

मुळी: खालचा भाग काळा. पहिलं निरीक्षण: पावसाळा १९४९, ओढ्याची खचलेली दरड. निरीक्षक: (इथं विठाबाईंचं पूर्ण नाव). दुसरं निरीक्षण: ऑगस्ट २०००, तीच वाडी. निरीक्षक: विठाबाई, सौंदर्या पट्टणशेट्टी.

"'ऐकीव' कुणी खोडलं?" सरांनी स्वतःच्या पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवलं.

"मी, सर."

"तपासणारे विचारतील, एकोणपन्नास साली ही बाई किती वर्षांची होती."

"दहा वर्षांची. बरोबर पाहिलं होतं त्यांनी. आपण एकावन्न वर्षं उशिरा पाहिलं."

सरांचा हात तिथं थांबला. मग त्यांनी पेन्सिलीचा गोल स्वतः खोडला, आणि बोट खालच्या रकान्यावर नेलं. चव: देशी कोंबडीच्या काळजासारखी. इथलाही कंस गेला होता.

"तू खाल्लीस?"

"नाही, सर. घरी लिंगपूजा आहे."

"मग हे कशाच्या आधारावर?"

"विठाबाईंनी खाल्लीय," सौंदर्या म्हणाली, आणि शाई वाळली का ते बघायला तिनं लेबल उजेडाकडं धरलं.